हयातीचा दाखला, लंगर आणि एक निळं पिंप

पेन्शनवाल्यांच्या घरात नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे बँकेला एकदा दाखवून यायचं, नाहीतर पुढे पेन्शन थांबतं. ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, म्हणजे त्यांना गर्दी चुकवता येते. आमची आई २०२२ साली अठ्ठ्याहत्तरची. त्यामुळे ती गर्दीतच.

वडील मनमाडला रेल्वेच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपात होते. पुलांचे गर्डर तयार होतात तो कारखाना. ते गेल्यापासून आईला फॅमिली पेन्शन मिळतं. मी नाशिकला असतो आणि दर नोव्हेंबरात एक दिवस रजा टाकून तिला बँकेत नेऊन आणतो. हे सगळं सांगतोय ते २०२२ सालचं, ९ नोव्हेंबरचं, बुधवारचं.

दिवस माझ्या सोयीने निवडलेला, पण पंचांगाच्या हिशोबाने अगदीच वाईट. आदल्या दिवशी मंगळवारी गुरुनानक जयंती, म्हणून बँका बंद. शिवाय त्याच दिवशी चंद्रग्रहण. चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला आणि साडेसहाच्या आत सुटलाही. मी रात्री पंचवटी एक्सप्रेसने उतरून घरी पोचलो तेव्हा आईची मोक्षाची आंघोळ झालेली होती, देवांना अभिषेक झालेला होता, जमीनसुद्धा पुसून झाली होती. मोरीतल्या पिंपात वाकून पाहिलं तर तळ दिसत होता.

"पाणी कधी येणार आहे?"

"येईल की," आई म्हणाली. मनमाडात तेव्हा याहून नेमकं उत्तर कुणाकडेच नसायचं. पालखेड कालव्याचं आवर्तन सुटायचं, ते वागदर्डी धरणात यायचं, तिथून गावात, आणि मग भागाभागाने पाळी. दोन पाळ्यांच्या मध्ये पंधरा-पंधरा दिवस गेलेले मी लहानपणापासून पाहतोय. सकाळी एक बादली जपून वापरायची आणि दहाच्या ठोक्याला बँकेच्या दारात उभं राहायचं, असं ठरवून झोपलो.

सकाळी सातच्या सुमाराला शेजारच्या वहिनींची हाक आली, "काकू, नळ आले!"

आता बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की नळ येणं म्हणजे नळ सोडून देऊन आपण दुसरं काम करणं नव्हे. गल्लीत सगळ्यांच्या मोटरी एकाच वेळी चालू होतात, त्यामुळे दाब कमी. आधी मोरीतलं पिंप, मग गच्चीवरची टाकी, मग हंडे, कळश्या, बादल्या, स्टीलचे डबे, आणि शेवटी पातेली. आई ज्या क्रमाने भांडी भरते त्या क्रमात मी ढवळाढवळ करत नाही. मधेच मोटरने पाणी ओढणं सोडलं. तिच्यात हवा धरली होती. पाना शोधण्यात वेळ गेला, मग वहिनींच्या मुलाने येऊन नुसत्या हाताने बोल्ट सैल केला, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि मोटर पुन्हा खेचू लागली. तेवढ्यात मी बँकेची आठवण काढली.

"बँक उद्या आहे, परवा आहे," आई म्हणाली. "नळ उद्या आहेत का?"

याला उत्तर नव्हतं. साडेदहापर्यंत घरातलं शेवटचं पातेलंही भरलं आणि तरी नळ चालूच. अंगणातली कुंडी, वहिनींकडची उसनी बादली, सगळं भरलं. पाणी वाहून गटारीत जाताना पाहून आईच्या तोंडचं पाणी पळालं. "अजून एक पिंप असतं तर," असं ती नळ बंद करताना म्हणाली, रिक्षात बसतानाही म्हणाली.

रिक्षा अडकली. पुणे-इंदूर रस्त्यावरचा रेल्वेवरचा पूल आणि पानेवाडीकडचे इंधनाचे टँकर हे समीकरण मनमाडकरांना नवीन नाही. एक टँकर चढावर थांबला की मागे गाव थांबतं. त्या पुलाची एक बाजू पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच ढासळली आणि वाहतूक बंदच करावी लागली, पण त्या दिवशी आम्हाला तो फक्त हळू वाटला. आई मात्र मजेत. रिक्षावाला तिच्या ओळखीच्या कुणाचा तरी भाचा निघाला, आणि त्या घराण्यातली लग्नं, वाटण्या आणि मोतीबिंदू यांची उजळणी पूल संपेपर्यंत पुरली.

बँकेत पोचलो तेव्हा पावणेबारा. सुट्टीनंतरचा दिवस, त्यात नोव्हेंबर. बाकडी भरलेली, जिन्याच्या पायऱ्यांवरही म्हातारी माणसं बसलेली. दाखल्याच्या टेबलावर एक तरुण कर्मचारी आणि त्याच्यासमोर बोटाचा ठसा घेणारं ते छोटं मशीन. डिजिटल हयातीचा दाखला, म्हणजे 'जीवन प्रमाण', २०१४च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल, आणि मग बोट. बोट जुळलं की काम झालं, कागद नाही, सही नाही. ज्यांचं जुळतं त्यांना दोन मिनिटं लागतात, हे मी मान्य करतो.

आईचं जुळेना. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मग डावा हात. मग बोट पदराला पुसून. मग त्या मुलाने ओला टिश्यू दिला, मग कोरडा. मशीन दर वेळी लाल. आयुष्यभर भांडी घासून, भाकरी थापून आईच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, आणि उतारवयात कातडी पातळ होते ती वेगळीच. बाकड्यांवरच्या निम्म्या बायकांचं हेच चाललं होतं. आधार काढलं तेव्हा घेतलेले ठसे आता बोटावर उरलेलेच नाहीत.

"आधार सेंटरला जाऊन बोटं अपडेट करून आणा," तो मुलगा म्हणाला. "शंभर रुपये लागतील."

"बोटं कुठून आणू नवीन?" आईने सरळपणे विचारलं. तो मुलगा हसला, आणि त्याच्याबद्दलचा माझा राग तिथे उतरला. सकाळपासून तो हेच वाक्य किती जणांना म्हणाला असेल. जुना कागदी फॉर्म चालतो का, असं मी विचारलं. चालतो, अजूनही चालतो, फक्त त्यावर सही करणारे साहेब दुसऱ्या शाखेत गेले होते आणि चारपर्यंत येणार होते. तेवढ्यात लिंकही गेली. टेबलासमोरच्या सगळ्यांनी एकदमच उसासा टाकला. कुणी चिडलं नाही. लिंक जाणं हे पाऊस येण्यासारखं असतं, त्यावर कुणी भांडत नाही.

चारला अजून तीन तास. घरी जावं तर पुन्हा तो पूल. हॉटेलात आई खात नाही. तेल कुठलं असतं कुणास ठाऊक, हे तिचं ठरलेलं वाक्य. डबा पाण्याच्या गडबडीत घरीच राहिलेला. मी केळी घ्यायचा विचार करत होतो, तर आईच म्हणाली, "गुरुद्वारात जाऊ."

मनमाडचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा सगळ्या गावाला माहीत आहे. नांदेडला जाणारे शीख यात्रेकरू तिथे थांबतात. मी शाळेत असताना मित्रांबरोबर तिथे प्रसाद खाऊन आलो की आई काही बोलायची नाही, पण ती स्वतः कधी गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. वर्कशॉपातल्या बायकांबरोबर ती अनेकदा गेली होती, असं आता कळलं. डोक्यावर पदर घेऊन ती इतक्या सवयीने आत शिरली की मीच तिच्या मागून रुमाल शोधत गेलो. आदल्या दिवशीच्या जयंतीची सजावट अजून तशीच होती. लंगरच्या, म्हणजे गुरुद्वारातल्या जेवणाच्या, पंगतीत बसायला तिला गुडघ्यामुळे जमेना, तर एका सेवादाराने भिंतीकडेचं बाकडं दाखवलं, तिथे ताट आणून ठेवलं. डाळ, भाजी, पोळ्या, खीर. वाढणारा दर वेळी "माताजी, और लीजिए" म्हणे, आणि आई, जी माझ्या घरी अर्ध्या पोळीवर हात धुते, ती घेत होती. पोळी दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायची असते, हे तिने मला शिकवलं.

"तेल कुठलं असेल गं?" मी विचारलं.

"गप जेव."

परत आलो तर लिंक आलेली, पण रांग तीच. आमच्या पुढे एक मुलगी आजोबांना घेऊन उभी होती. कॉलेजातली असावी. तिने आजोबांचं काम टेबलापर्यंत जायच्या आतच फोनवर उरकलं. चेहऱ्यावरून. मी पाहतच राहिलो. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आदल्या वर्षीच्या, २०२१च्या नोव्हेंबरात सुरू झाली होती, आणि ती लोकांपर्यंत न्यायला केंद्र सरकारने या, २०२२च्या नोव्हेंबरात ३७ शहरांत मोहीम उघडली होती. आमच्या शाखेत त्याचा एक कागदही भिंतीवर नव्हता. टेबलावरच्या मुलाला ठाऊक होतं. "पण ते बँकेच्या कॉम्प्युटरवर नाही होत, तुमच्या फोनवर होतं," तो म्हणाला. ही एक ओळ कुणीतरी दारावर चिकटवली असती तर जिन्यातली अर्धी गर्दी कमी झाली असती, हे माझं मत मी त्याला ऐकवलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या आजींचं बोट धरलं.

दोन ॲप लागतात: एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधारचं, चेहरा ओळखणारं. मी बाकड्यावर बसून डाउनलोड करायला घेतली. माझा फोन जुना. त्याने स्वच्छ सांगितलं की हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. ऑफिसातले फोटो, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ पुसून जागा करून पाहिली. जागेचा प्रश्नच नव्हता.

त्या मुलीने हे सगळं बघितलं असावं. आजोबांना रिक्षात बसवायला निघालेली ती परत वळली. "काका, माझ्या फोनवर करते ना."

मग आमची वरात बँकेच्या बाहेर, कडुनिंबाखाली. आत ट्यूबलाइटचा उजेड चष्म्यावर पडतो म्हणून बाहेर. या ॲपमध्ये आधी ऑपरेटरचा चेहरा लागतो, म्हणजे फोन चालवणाऱ्याचा. तो तिने आजोबांच्या वेळीच नोंदवला होता. मग पेन्शनधारकाची माहिती. आधार क्रमांक मला पाठ होता. मोबाइल माझा दिला, ओटीपी आला. पीपीओ क्रमांकाला गाडी अडली, कारण पासबुकाच्या पहिल्या पानावरचा आकडा घामाने पुसट झालेला, मधला एक अंक तीन की आठ कळेना. पीपीओची झेरॉक्स घरी ट्रंकेत. मी कपाळाला हात लावणार तोच आईने पिशवीतून प्लॅस्टिकची थैली काढली. थैलीत थैली, तिच्यात वर्तमानपत्र, आणि त्यात अस्सल पीपीओ, वडिलांच्या आणि तिच्या जोडफोटोसकट.

"हे घेऊन फिरतेस?"

"मग? बँकेत काय रिकाम्या हाताने यायचं?"

आठ होता.

पुढे ॲप प्रश्न विचारतं. पेन्शनचा प्रकार, सर्व्हिस की फॅमिली. कुणी मंजूर केलं, कोण देतं. पुन्हा नोकरीला लागलात का, नाही. आणि मग मुलीने वाचलं, आजोबांच्या सवयीने मोठ्याने वाचलं, "आजी, पुनर्विवाह केलाय का?"

झाडाखाली एव्हाना आठ-दहा जण जमले होते. क्षणभर सगळे गप्प. आई म्हणाली, "अगं, एकाच नवऱ्याचं पेन्शन मिळवता मिळवता जीव गेला माझा."

"वहिनी, असं म्हणू नका," मागून वर्कशॉपातले एक रिटायर्ड चार्जमन म्हणाले, "जीव गेला म्हणालात तर दाखला मिळणार नाही." मग जो हशा पिकला, तो ऐकून सिक्युरिटी गार्ड बाहेर आला.

आता चेहरा. चष्मा काढायचा, फोनवरच्या गोलात चेहरा आणायचा आणि पापणी लववायची, म्हणजे समोर फोटो नाही, माणूस आहे, हे मशीनला कळतं. आईला सांगितलं, डोळे मिटा. तिने मिटले. आणि मिटलेलेच ठेवले, हात जोडून.

"आजी, उघडा."

उघडले, ते इतके ताठ की मिटेचनात. फोटो काढताना डोळे मिटायचे नसतात, हे आयुष्यभर शिकलेल्या बाईला उलटं सांगत होतो आम्ही. शेवटी चार्जमनकाका म्हणाले, "वहिनी, डोळ्यात धूर गेल्यासारखं करा." चुलीवर निम्मं आयुष्य काढलेल्या आईला ते लगेच जमलं. गोल हिरवा झाला. माझ्या फोनवर प्रमाण आयडीचा मेसेज आला. कडुनिंबाखाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि त्या मुलीभोवती नवी रांग लागली. "माझंही बघ ना बाळा," म्हणत चार्जमनकाका सगळ्यांच्या पुढे. ती बिचारी घड्याळ बघत होती, आजोबा रिक्षात ताटकळले होते, तरी तिने त्यांचं आणि आणखी कुणाकुणाचं करून दिलं. निघताना आईने तिच्या हातात काहीतरी कोंबायचा प्रयत्न केला. तिने घेतलं नाही. मग आईने पिशवीतला गुरुद्वारातला प्रसाद दिला, तो घेतला.

मी म्हटलं, झालं, चल घरी. आई उठेना.

"सही कुठं घेतली?"

"सही लागत नाही. चेहऱ्यावर झालं."

आई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकली, माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण लिहिते, वेलांटीसकट. वर्षभरात ती सही करण्याची वेळ येते ती बँकेतच. तिने माझ्याकडे पाहिलं, पर्समधून चष्मा काढला आणि पैसे काढायची स्लिप मागून आणली. दोन हजार. स्लिप मी भरली, सही तिने केली, जीभ दाताखाली धरून. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवरच्या सहीशी ताडून बघितली. "आजी, किती छान जुळते हो," त्या म्हणाल्या. ज्या बँकेत सकाळी एकही बोट जुळलं नव्हतं त्याच बँकेत.

साहेब चारच्या आधीच आले होते. आईला ओळखत असावेत. "काय आजी, दाखला राहिलाय ना?"

"दिला मघाशी. बाहेर झाडाखाली."

पासबुक छापायचं मशीन बंद होतं, ते साहेबांनी स्वतः आत नेऊन छापून आणलं. त्यात ऑक्टोबरच्या पेन्शनच्या रकमेकडे मी दोनदा पाहिलं. सप्टेंबरअखेरीस केंद्राने महागाई भत्ता चौतीसवरून अडतीस टक्के केला होता, १ जुलैपासून. पेन्शनधारकांच्या महागाई मदतीलाही तेच लागू. तीन महिन्यांचा फरक जमा होता, तेराशे आणि वर काही रुपये. मला हे पेपरात वाचलेलं आठवत होतं, पण ते आईच्या खात्यात येऊन पडलंय हे लक्षात आलं नव्हतं. तिला सांगितलं, तर तिने पासबुक हातात घेऊन बोट ठेवायला लावलं, कुठली ओळ.

"म्हणजे हे जास्तीचे?"

"जास्तीचे नाही, तुझेच. उशिरा आलेत."

"तेच ते."

बाजारातून जाताना प्लॅस्टिकच्या दुकानाशी तिने रिक्षा थांबवली. दोनशे लिटरचं निळं पिंप. दुकानदाराने नव्याचे हजार सांगितले, वापरलेल्याचे सातशे. वापरलेल्यात काय भरलेलं होतं, हे आईने नाक घालून तपासलं आणि नवं घेतलं, साडेआठशेला. नळ केव्हाच गेले होते, त्यामुळे ते पिंप पुढच्या पाळीपर्यंत रिकामंच राहणार होतं. त्याची तिला पर्वा नव्हती.

रिक्षावाला म्हणाला, "आजी, पिंपाचे वीस रुपये वेगळे."

"ते काय सीटवर बसलंय?"

"मग मांडीवर घ्या."

पिंप माझ्या मांडीवर होतं, आणि वीस रुपयेही मलाच द्यावे लागले.